बिजलीबाईचे माझ्याकडे राहिलेले

मी, कुमारी रत्नप्रभा श्रीकृष्ण पांढरीपांडे, वय एकसष्ट, निवृत्त अध्यापिका, राहणार यवतमाळ, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ सदाशिव चारचौघांत उलट सांगत फिरतो.

१. माझे दोन खोल्यांचे स्वकष्टार्जित घर सदाशिवची मुलगी केतकी हिला. तिने ते भाड्याने देऊन नागपूरला फ्रेंच-स्पॅनिशचे शिक्षण पुरे करावे. सदाशिव म्हणतो, "त्या फ्रेंचनंच ताईचं डोकं फिरलं, पोरीले नाही शिकू देत." या बाबतीत त्याचा शब्द चालणार नाही. मी कॉलेजात फ्रेंच घेतले तेव्हा बाबाही विचारायचे, "यवतमाळात बोलशील कोणाशी?" तो प्रश्न मात्र रास्त होता. मी जन्मभर इंग्रजीच शिकवले.

२. माझी सर्व फ्रेंच पुस्तके केतकीला. ज्या लोखंडी कपाटातून सदाशिवने ती रद्दीत घालायला काढली होती, ते कपाट रिकामे करून त्याला द्यावे. कुलूप चांगले आहे.

३. आता जे माझे नाही, त्याबद्दल.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत फ्रान्सहून एक बाई वार्ताहर आली. मी तिची दुभाषी झाले. ओळखीचा मेकॅनिक जमीर, त्याच्या जीपने आम्ही पांढरकवड्याजवळच्या तांड्यावर बिजलीबाई खेमसिंग आडे हिच्याकडे गेलो. तिचा नवरा खेमसिंग जाऊन महिनाही झाला नव्हता. त्याला मी कधी पाहिले नाही. बिजलीबाई म्हणाली, "थंडी होती म्हणून मीनं कडी लावली. सकाळी उघडलं तं तो फवारणीचं औषध पिऊन उंबऱ्यापाशी पडलेला. कडी नसती लावली तं आत आला असता, बाई."

दुभाष्याने 'ती म्हणते' म्हणायचे नसते, 'मी' म्हणायचे, असे आम्हाला कॉलेजात घोटून शिकवले होते. तसे मी म्हणत गेले. मी कडी लावली. मला तो सापडला. लग्न न केलेली मी त्या ओसरीवर विधवा झाले, आणि हे दुःख मला फ्रेंचमध्येच आहे.

पुढे बिजलीबाई बाजाराला आली तेव्हा मला भेटायला घरी आली. "माह्या सपनात तो येतच नाही. तुम्ही माह्याहून जास्त रडल्या. तुमच्याकडं येते का?" मी नाही म्हणाले, आणि तेव्हा ते खरे होते. त्याच दुपारी, जरा डोळा लागला, तर खेमसिंग दारात उभा. तेव्हापासून येतो. फ्रेंच बोलतो. मी भ्याले आहे, आणि त्याची वाटही पाहिली आहे.

या दिवाळीत तो कडीबद्दल बोलला. ते सांगायला मी दोनदा तांड्यावर गेले. बिजलीबाईसमोर तोंड उघडले की फ्रेंचच निघे. ती घाबरली, लेकरे पळाली. लिहिताना मात्र मराठी येते.

म्हणून खेमसिंगचा शब्द मूळ मालकिणीला परत करीत आहे. केतकीने तांड्यावर जाऊन, बिजलीबाईसमोर बसून तो वाचावा. 'तो म्हणाला' असे म्हणू नये. सरळ वाचावे:

"बिजू, कडी लावली ते बरं केलं तू. थंडी होती, लेकरं निजली होती. मीनं कवाड वाजवलंच नाही."

एवढे पोचले म्हणजे माझ्याकडे कोणाचे काही राहिले नाही.

ठिकाण : यवतमाळ
दिनांक : ६ डिसेंबर २००९
सही : रत्नप्रभा पांढरीपांडे

साक्षीदार :
१. डॉ. क्षितिज गंधे. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. जमीर शेख, मेकॅनिक. माझ्यासमोर सही केली. खेमसिंगचा पंप मीच दुरुस्त करायचो. तो घरात बायकोला 'बिजू' म्हणायचा. हे मी बाईंना कधी सांगितले नव्हते.