चार अंश जास्त

मंगळवार, ९ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार, आणि चिमणीला पापा. तिचा खोकला गेला का? मी मजेत आहे, म्हणजे जेवते, लॅबमध्ये जाते आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे संशयाने बघते.

माझा प्रबंध अडकलाय. त्यातली रसायन बनवायची अख्खी कृती कुणीतरी आधीच स्वतःच्या नावावर कॉपीराइटला नोंदवून ठेवली आहे, शब्द न् शब्द. समितीच्या मते नक्कल मी केली. पाच वर्षं त्या उग्र वासात काढली, डोकं उठायचं, आणि चोर कोण, तर मी.

आधी सरांवर संशय आला, मग टायपिस्टवर. बिचाऱ्याला इतकं उलटसुलट विचारलं, की आता मी दिसले की तो जिना बदलतो. मग नोंदणीची प्रत हातात पडली. त्यात लिहिलंय, मिश्रण चौऱ्याहत्तर अंशांवर तापवावं.

आमच्या लॅबचा जुना थर्मामीटर चार अंश जास्त दाखवतो. आम्ही सगळे मनातल्या मनात चार वजा करतो. पहिल्या मसुद्यात मी सवयीने त्याच्यावर दिसणारा आकडा लिहून बसले, दुसऱ्यात सत्तर केला. सरांकडे आणि टायपिस्टकडे दुसराच गेला. चांगला थर्मामीटर लावून चौऱ्याहत्तरवर नेलं, तर भांड्यात नुसतं डांबर उरतं.

पहिला मसुदा फक्त तुझ्याकडे होता, भाषा तपासायला.

नोंदणीवरचं नाव लिहायला इतका वेळ हात धजत नव्हता. भावोजींचं आहे. तेही याच विषयाचे, त्यांची बढती अडलेली, सगळं ठाऊक आहे मला. कळत नाही ते एवढंच, की त्यांनी मसुदा तुझ्या कपाटातून घेतला, की तू दिलास? लहानपणी माझ्यासाठी तू अख्ख्या गल्लीशी भांडायचीस. तुझ्यावर संशय घ्यायची लाज वाटते गं, पण येतो.

येत्या सोमवारी समितीसमोर, त्यांनी आणलेल्या अचूक थर्मामीटरवर, आम्हा दोघांना ही कृती आपापल्या मजकुराप्रमाणे करून दाखवायची आहे. त्या आकड्याबद्दल मी कुणाकडे, सरांकडेसुद्धा, चकार शब्द काढलेला नाही. आता तो तुला कळला. भावोजी ऐनवेळी छपाईची चूक म्हणून सत्तरवर थांबले, तर त्यांचं जमेल, आधीची नोंदणी खरी ठरेल आणि माझा प्रबंध बुडेल. मग मी तुला काहीच विचारणार नाही.

तब्येतीला जप.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
धाकटी