काठावरचा उतारू

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी महाविद्यालयातल्या शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि पुढच्या तासाला वाणिज्याच्या मुलांना धड्याऐवजी तुमच्या मालकांचीच गोष्ट शिकवली. तुम्ही नावाड्याचा शांत व्हिडिओ गेम करत होतात. नाव लहान, उतारू फार. कुणाला पैलतीरी न्यायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. शेजारच्या कंपनीचा शंभर जणांच्या लढाईचा खेळ तुफान चालला, आणि मालकांनी तुमच्या नावेवर तोफ चढवली.

आता नीट समजून घे. आज दिसणारं यश कैक वर्षांपूर्वी पेरलेलं असतं. नक्कल करणारा आज पेरतो आणि त्याचं पीक येईपर्यंत बाजार भरून गेलेला असतो. शिवाय माणसाला संध्याकाळ एकच. ती ज्या खेळात मित्रांसोबत जाते, तो सोडून कुणी तुमच्याकडे का यावं? खेळांच्या कंपन्या वाईट खेळांमुळे कमी आणि हेव्यामुळे जास्त बुडतात, हे माझं ठाम मत आहे.

जाता जाता एक. त्या चष्मेवाल्या सहकारिणीचं तू एकाच पत्रात तीनदा कौतुक केलंस. नियम म्हणे तिला बसल्या बसल्या सुचतात. लहानपणी आपल्या खेळांचे नियम मी करत असे आणि तू नुसते रंग भरायचास, याची आठवण असावी.

रागावले तरी माया कमी होत नाही, हे तू जाणतोसच.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र चष्मेवालीला वाचून दाखवलं, शेवटचा परिच्छेद गाळून. तिनं तुझा संध्याकाळचा मुद्दा भर बैठकीत मांडला. मालक म्हणाले, शेजारचं हॉटेल भरलं की उरलेली गर्दी आपल्याकडेच येते. तिनं विचारलं, शेजारी पोटभर जेवलेला माणूस आपल्याकडे कशाला येईल? बैठक हसली, मालक हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी नियमांचं काम तिच्याकडून गेलं. आता ती बटणांचे रंग निवडते, म्हणजे माझ्या पंक्तीला आली.

ती म्हणते, तुझ्या ताईचं डोकं लख्ख आहे. हे कळवावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला.

भांडण असो वा नसो, पत्र येत राहो.

तुझा धाकटा

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. मुद्दा माझा, तोंड तिचं आणि कौतुकही तिचंच. वर मला प्रशस्तिपत्रक देणारीही तीच. शिक्षा झाली तीसुद्धा तिलाच, आणि खरं सांगायचं तर मला त्या शिक्षेचाही हेवा वाटला. मी फळ्यासमोर बोलते. फळा कुणाला कामावरून काढत नाही.

हे तिला वाचून दाखवू नकोस. जपून राहा, एवढंच.

ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मधल्या दीड वर्षात तू फोनवर खुशाली विचारलीस, पण चष्मेवालीचा विषय काढला नाहीस. आज मीच काढतो.

आमची लढाई बाजारात आली. ती सुरू व्हायला शंभर जण लागतात. पहिल्या आठवड्यानंतर तीसही जमेनात. लोक खेळातल्या धक्क्यावर ताटकळायचे आणि निघून जायचे. मग फतवा निघाला की कर्मचाऱ्यांनी हातातलं काम सोडून खेळायला बसावं. हिशेबनीस, झाडलोट करणाऱ्या मावशी, सगळे तोफा डागू लागले. मावशी माझ्यापेक्षा बऱ्या लढल्या. आम्हीच स्वयंपाकी, आम्हीच गिऱ्हाईक. गेल्या महिन्यात खेळ बंद झाला आणि आम्हा सर्वांना नारळ मिळाला.

जुना नावाड्याचा खेळ मालकांच्या लेखी भंगार. तो आम्ही दोघांनी रीतसर मागून घेतला. एक खोली भाड्यानं घेतली आहे. टेबलं तीन आहेत, तिसरं चष्मेवालीनंच मांडलं. तिच्या नियमांचा मसुदा सोबत आहे. एका जागी अडलो आहोत: नाव भरली की नाकारलेला उतारू नुसता नाहीसा होतो, आणि ते खोटं वाटतं. ती म्हणते, ताईंना विचार. मी म्हणतो, ताई, तू ये.

वाट पाहणारा,
धाकटा

१७ ऑगस्ट

चष्मेवालीबाईंस,

स. न. वि. वि. धाकट्याच्या पत्रांतून मी तुम्हाला याच नावानं ओळखते, चालवून घ्यावं. तुमचा मसुदा मी चुका काढायच्या तयारीनं, लाल पेन घेऊन उघडला. दोन सापडल्या, त्या मागच्या पानावर लिहिल्या आहेत. त्यानंतर पेनाला टोपण कधी लावलं ते कळलं नाही. राग मात्र आला. हे मला सुचलं नाही, याचा.

आता उतारूविषयी. त्याला नाहीसा करू नका. त्याला काठावर उभा राहू द्या. प्रत्येक फेरी तो पाहील. आपल्या जागी कोण बसलं, नावाडी त्या माणसाशी किती हसून बोलला, हे लक्षात ठेवील. तो आरडाओरडा करणार नाही. उलट, नाव कशी चालवावी याचे अतिशय मुद्देसूद सल्ले काठावरून देत राहील. अखेर बोलावणं आलं तरी लगेच चढायचा नाही. आधी पिशवी ठेवील, मग पाय.

हे मला कुठून ठाऊक, ते धाकट्याला विचारू नका.

माझी रजा मंजूर झाली आहे. सोमवारी येते. खिडकीजवळचं टेबल तुमचं असेल, तर थोडं सरकून घ्या.

ओळख नवी आहे. तिला जुनी होऊ द्यावं, ही विनंती.

आपली,
धाकट्याची ताई