ढगाआडचा बर्फ

हस्रून, २ फेब्रुवारी

प्रिय जोसलीन,

अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत. आईचे गुडघे थंडीने कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. तुलूझमध्ये तुझं बस्तान एव्हाना नीट बसलं असेल. चष्मा लावून मोबाइलवरच टाइप करतेय, चुका पोटात घाल.

तुझे नकाशे रोज येतात. उपग्रहाच्या डोळ्याने बघून तू लेबनॉनभरचा बर्फ पांढरा रंगवतेस, आणि आई आपल्या डोंगरावर बोट ठेवून मोबाइलच्या काचेचा मुका घेते. "माझी माती तुझ्याच हातून होवो ग, पोरी!" हा तुझा लाड. मला म्हणते, "वदाद, दार लाव. वारा येतोय."

परवा तिसरा बर्फ पडला. पहिला विष, दुसरा भांडी धुवायला, तिसरा खायचा, हे तिनेच आपल्याला शिकवलेलं. मी वाटीभर आणला, वर द्राक्षाची काकवी ओतली. तिने वाटी सारली.

"हा तिसरा नाही, दुसरा आहे."

"अगं, दुसरा सतरा जानेवारीला, संत मार अंतोनियोसच्या सणाला पडला होता की! गच्चीवरून मीच लोटला फावड्याने."

"जोसलीनच्या नकाशात नव्हता. आणि तू मला भांडी धुवायचा बर्फ चारतेस?"

शेजारची सलमा फिदीफिदी हसली. "वदाद, आता बर्फालाही पासपोर्ट लागतो बरं का!"

मला इतका राग आला की ती वाटी मी एकटीनेच संपवली. अजून दात ठणकताहेत.

त्या सणाला आठवडाभर ढग होते. ते हटेपर्यंत पावसाने बर्फ धुऊन नेला. तू तेव्हाच विचारलं होतंस, "ताई, ढगांमुळे नकाशा कोरा आलाय, तिकडे पडला का?" मी उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता, असं लिहिणार होते. पण खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो, जोसलीन. मी सांगायचं, तू रंगवायचं, आणि मुका पुन्हा तुलाच. म्हणून गप्प बसले.

घे तर. पडला होता, चांगला वीतभर. घाल नकाशात. पण आईला फोन करशील तेव्हा सांग, हा बर्फ वदादने पाहिला. परवाचा तिसरा थोडा मी घरामागे सावलीत गोणपाटाखाली झाकून ठेवलाय.

तिची माती तू तिथून काय करणार, ती माझ्याच हातून व्हायची आहे. निदान काकवीची एक वाटी तरी तिला माझ्या हातून घेऊ दे.

ऊन वाढायच्या आत फोन कर.

इथेच असलेली,
तुझी ताई वदाद