तांबं उतरत नाही

६ जानेवारी

चि. बारक्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली ताकदीच्या गोळ्यांची बाटली मिळाली. रोज सकाळी न चुकता एक घेते, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको.

आता बातमी. ऑपरेशन झालं, केमो झाली, छातीतली गाठ गेली. पण ती पुन्हा उपटू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला एका प्रयोगात घेतलंय. कॅप्सूल घ्यायच्या आणि अंगातलं तांबं कमी करायचं! माझ्या अंगात कुठलं आलं तांबं, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, सगळ्यांच्याच अंगात असतं, अगदी कणभर. कुठे दडून बसलेल्या वाईट पेशी असल्याच, तर वाढायला त्यांना नव्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्या कामाला तांबं लागतं. ते तोडलं तर त्या निपचित पडून राहतील, असा अंदाज. खात्री असती तर प्रयोग कशाला केला असता, हेही त्यांनीच सांगितलं.

चष्म्याच्या दुकानात परत जाऊ लागलेय. काचा घासताना हात स्थिर राहतो. मात्र कॅप्सूलने नासक्या अंड्यासारखे ढेकर येतात. तुझे भावजी उठून खिडकी उघडतात. संसार म्हणतात तो हाच.

तुम्हा दोघांवर माया आहे, ती आहेच.
तुझी ताई

१७ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हसावं की रडावं कळेना. मी दिवसभर पंपांच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरतो आणि माझी बहीण अंगातलं तांबं उपसायला निघाली! बायको म्हणते, भावंडांनी कामं बरी वाटून घेतलीत.

थट्टा राहू दे. तांबं फार उतरलं तर रक्त कमी होतं, असं कुणीतरी सांगितलं. खरं का? विचारलंस का? तू कसली विचारतेस! तुझं घोडं नेहमी पुढे. तपासणीला मी येऊ का? नको म्हणशील, ठाऊक आहे. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मला दारातून परत धाडलंस. गोळ्या मात्र सोडू नकोस. संपत आल्या की कळव, दुसरी बाटली तयार आहे.

रागव, पण विसरू नकोस.
तुझा बारक्या

२ मार्च

चि. बारक्यास, अ. उ. आ.

रक्ताचं विचारलं होतंस. ते दर खेपेला तपासतात, फार उतरलं तर कॅप्सूल थांबवतात. पण माझं रडगाणं उलटंच आहे. माझं तांबं उतरतच नाही. बरोबरच्या बायकांचं केव्हाच खाली आलं. डॉक्टरीणबाईंनी पाणी कुठलं पिता, भांडी कसली, खाता काय, सगळं खोदून विचारलं. बाहेरचं काही औषध घेता का, तेही विचारलं. मी नाही म्हणाले. आणखी एक खेप बघू, नाहीतर तुम्हाला यातून वगळावं लागेल, असं म्हणाल्या.

तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. आंघोळ करताना बोटं आपोआप काखेकडे जातात. काल एक चष्मा मी उलट्या काचा बसवून दिला. गिऱ्हाईक भला माणूस, हसून परत आला. माझं अंग माझंच ऐकेना, रे. हे भावजींना बोलले नाही. तूही बोलू नकोस.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

गोळ्या थांबवायचा निरोप भावजींना फोनवर दिलाच आहे. बाकीचं तोंडाने सांगवेना, म्हणून लिहितोय.

तुझं पत्र वाचून मला आधी माझ्याच वर्कशॉपचा संशय आला. केमोनंतर तू आमच्याकडे राहिलीस, खाली दिवसभर तांब्याची कापाकापी. म्हणून औषधवाल्याला विचारायला गेलो. तो म्हणाला, तारेने असं होत नाही. मग सहज त्याने विचारलं की बहीण जीवनसत्त्वाच्या गोळ्या वगैरे घेते का. मी छाती फुगवून म्हटलं, घेते, मीच पाठवतो. त्याने फळीवरची बाटली काढली आणि मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. लोह, जस्त, तांबं.

ताई, डॉक्टर काढत होते आणि मी भरत होतो. तिथेच स्टुलावर बसलो. तू डॉक्टरीणबाईंना का सांगितलं नाहीस? मला तरी का नाही सुचलं? पत्र मिळताच त्यांना सांग. तुला वगळलं तर मी स्वतः येऊन त्यांच्या पाया पडेन.

तुझा
बारक्या

२८ एप्रिल

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटाही.

पाया पडायची गरज नाही. बाई आधी कपाळाला हात लावून बसल्या, मग विचारलं की बाहेरचं काही घेत नाही असं का सांगितलंत. मी म्हटलं, ते भावाने पाठवलेलं होतं, बाहेरचं कसं असेल? त्यांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं. मग स्वतःच म्हणाल्या, प्रश्न आम्हीच नीट विचारायला हवा. मला आणखी एक खेप दिली, आणि काल आकडा आला. तांबं उतरलं, हवं तिथे आलं.

तेव्हा स्वतःचं मन खाणं बंद कर. तुझी बायको सांगते, जेवत नाहीस.

आता मुख्य तपासणी पुढल्या आठवड्यात. गाठ परतलीय का, ते तिथे कळेल. तांबं उतरलं म्हणून तिथे काही निघणार नाही असं नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलंय. भावजी येतो म्हणतात, पण त्यांचा चेहरा बघून मलाच त्यांना धीर द्यावा लागतो. तू येशील का? दवाखान्यातल्या त्या बाकावर या वेळी एकटीने बसवणार नाही.

वाट बघते.
ताई

१२ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बोटं अजून दुखतात. बाई आतून येईपर्यंत तू माझा हात असा आवळलास की तार ओढायच्या पकडीची आठवण झाली. आत्ता तरी काही नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा तू त्यांना दोनदा म्हणायला लावलंस. ‘आत्ता तरी’ हे शब्द मीही ऐकले. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच बाकावर बसायचं आहे. मी येणार, विचारू नकोस.

एक सांगायचं राहिलं. परतताना बसमध्ये तू माझ्या खांद्यावर झोपलीस, चक्क तोंड उघडं टाकून. भावजी म्हणाले होते की वर्षभरात तुला अशी झोप नाही. आपला थांबा आला आणि गेला. मी उठवलं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसने परत आलो. एवढा उशीर कसा झाला, असं तू विचारलंस तेव्हा मी रस्ता खोदलाय म्हटलं.

रस्ता चांगला होता, ताई.

तुझा
बारक्या