पाण्याची फोडणी

आत्याबाई, गंज रिकामा झाला. हे आधी सांगते, बाकीचं मग. तळ दिसला तळ! सकाळी मी अन् माझ्या सुनेनं दोघींनी धरून उतरवला होता तो जर्मनचा मोठा गंज, कण्यांनी काठोकाठ भरलेला, अन् आता माझ्यासमोर बाकड्यावर उपडा पडला आहे. आपल्या कण्या-अंबाडीचा गंज! तुम्हाले जाऊन इतकी वर्षं झाली, अन् मेलेल्या सासूले सुनेनं चिठ्ठी लिहिल्याचं मी कुठं ऐकलं नाही. पण हात धुतले अन् सांगायले माणूस शोधू लागली, तर तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचेना. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, तुम्ही तर शाळेची पायरीही चढल्या नाहीत. म्हणजे लिहिणारी अशी अन् वाचणारी तशी. होऊ द्या.

नेरच्या स्टँडासमोर मी खानावळ उघडली, आत्याबाई. मी! जी तुमच्या हातच्या कण्या पाहून रोज नाक मुरडायची, ती. आज पहिला दिवस होता. तुमच्या लेकानं अट घातली होती. म्हणाले, "कण्या? पैसे देऊन कण्या कोण खाईन वं? कण्या लोकं दार लावून खातात. एक दिवस करून पाहा. गंज भरलेला वापस आला, तं जागा पुतण्याच्या मोबाईलच्या दुकानाले देऊन टाकतो." मी म्हटलं, द्या. तोंडानं म्हटलं. पण ते खोटं बोलत नव्हते. कण्या आपण दार लावूनच खाल्ल्या. पाहुण्याची चाहूल लागली की तुम्ही गंजावर टोपली उपडी टाकायच्या, वर सुपडं ठेवायच्या अन् पदराले हात पुसत बाहेर जाऊन सांगायच्या, "आत्ताच जेवलो बाप्पा, काही उरलं नाही." अन् आत मी घास तोंडात धरून बसलेली, चावला तर आवाज होईल म्हणून.

ते कापसाचे वाईट दिवस मले काल असल्यासारखे दिसतात. भाव येईल म्हणून कापूस विकायचा नाही, अन् भाव येत नाही म्हणून विकता येत नाही. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, अन् आपण सगळे चुलीपाशी एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपतो. अंग खाजते, नाकात तंतू जातात. घर पांढरंशुभ्र अन् तेलाची बाटली कोरडी. सरकी आपल्या वावरातली, पण तिचं तेल दुकानातून आणायचं, अन् आणलं की तुम्ही ते कोठीत नेऊन ठेवायच्या, कारण म्हणे माझा हात सैल. खरं सांगू, मले तुमचा राग यायचा. सकाळी चहा गाळला की पत्ती गाळणीतच ठेवायची, दुपारी तिच्यावर पुन्हा पाणी अन् गुळाचा खडा. मी म्हणायची, हा चहा नाही, सकाळच्या चहाचा सावत्र भाऊ आहे. तुम्ही म्हणायच्या, "सावत्र असो का सख्खा, गरम आहे ना? मंग पी अन् उठ." अंबाडी वावराच्या धुऱ्यावरची, फुकटची. ती उकडली की आंबट पाणी फेकू द्यायच्या नाहीत, त्यानं पाण्याचा पितळेचा गुंड घासायचा. ज्वारी जात्यावर भरडली की पिठाची भाकर तुमच्या लेकाले वावरात, अन् चाळणीत राहिलेल्या कण्या आपल्या दोघींले. अंबाडीत शिजवल्या की मूठभराच्या ओंजळभर होतात. तुमचं सगळं गणित फुगण्यावर चालायचं.

अन् ती फोडणी! ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. सांजेची वेळ. सगळ्या गल्लीत चुली पेटलेल्या, ज्याच्या त्याच्या घरातून चर्र, चर्र आवाज येऊन राहिलेले. आपल्या घरी त्या दिवशी तेलाचा थेंब नाही. तुम्ही लोखंडाची पळी निखाऱ्यात खुपसता. लाल होईपर्यंत वाट पाहता. लसणाची सालं निखाऱ्यावर टाकता, वासासाठी. अन् मग पळीत चुळकाभर पाणी. चर्रर्र! असा आवाज, की तेलाच्या घाण्यावाल्याच्या घरीही निघणार नाही. भिंतीपलीकडून शेजारीण लगेच ओरडते, "काय वं माय, आज फोडणीचं वरण का?" अन् तुम्ही चुलीपुढे बसून, डोळ्यांत धूर, गळा साफ करून सांगता, "हो वं! रोजचंच आहे आमचं!" मले हसू आलं नाही, संताप आला. मी म्हटलं, "आत्याबाई, पाण्याची फोडणी कायले देता? पोटात काय आवाज जाते का?" तुम्ही पळी माझ्याकडे रोखली. "गप बस. लोकाले आवाज ऐकू जाते, चव ऐकू जात नाही. उपाशी राहता येते मले, 'बिचारी' म्हणून घेता येत नाही. समजलं?" नाही समजलं. मी तिशीची होती अन् भुकेली होती. मले तेल पाहिजे होतं.

आता आजचं ऐका. माझी सून यवतमाळची. हुशार पोरगी आहे, पण मोठ्या हाताची. चहा झाला की पत्ती सरळ कचऱ्यात. मी ती उचलून तिच्या गुलाबाच्या कुंडीत टाकली, तर म्हणते, "आई, हे बरोबर आहे, फोनमध्येही असंच सांगतात." फोनमध्ये! तुम्ही चिंधीत बांधून ठेवायच्या त्या सगळ्या गोष्टी आता फोनमध्ये आहेत, आत्याबाई. ज्वारी आता भावात गव्हाच्या वर चढून बसली आहे, शुगरवाले तिले शोधत फिरतात. अंबाडी मात्र तणाच्या औषधाच्या फवाऱ्यानं धुऱ्यावरून गेली, मले बाभुळगावच्या बाजारातून बी आणून मागच्या अंगणात पेरावी लागली. तर सुनेनं पाटी रंगवली, कण्या-अंबाडी, झुणका-भाकर. अन् पोरीनं सगळी फोडणी सकाळी घरीच एकदम घालून टाकली, म्हणजे इथं धावपळ नको. नीटनेटकं काम.

झालं काय, की माणूस येईना. यवतमाळची गाडी आली, लोकं उतरले, पाटी वाचली. एक जण आपल्या बायकोले म्हणतो, "कण्या! अवं, त्या खायले आपण नेरले आलो का?" दोघं हसत समोशाच्या गाडीकडे गेले. दुसरी गाडी आली, तेच. बारा वाजले. सून फोन पाहून राहिली, मी माशा हाकलून राहिली. माझ्या डोळ्यांपुढे मोबाईलचं दुकान दिसू लागलं, त्याच्या लाल-निळ्या लाइटांसकट. गंजावर झाकण होतं, अन् माझ्या ध्यानात आलं की मी झाकणावर टोपलीही ठेवली आहे. कोणी सांगितलं नव्हतं. हातानं आपोआप ठेवली. तुमच्यासारखी.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मले माहीत आहे, मी लवकर चिडते, पण आज बरं झालं. टोपली भिरकावली. झाकण उघडं टाकलं. पळी शेगडीवर ठेवली अन् सुनेले म्हटलं, तेल दे. ती म्हणे, "आई, फोडणी दिली आहे ना?" मी म्हटलं, "लोकाले ऐकू गेली का ती?" पळी तापली, तेल ओतलं, खरं तेल, आत्याबाई, हात सैल सोडून ओतलं, ठेचलेला लसूण, लाल मिरची, अन् ती पळी तशीच कण्यात बुडवली. चर्रर्र! धूर असा उठला की समोशावाला खोकला. पाटी कोणी वाचली नव्हती, आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. समोरच्या गॅरेजमधले म्हातारे मिस्त्री ऑटोखाली झोपून काम करत होते. ते बाहेर सरकले अन् तिथूनच ओरडले, "ओ भाभी! क्या डाला उसमें?"

"कण्या आहे, चाचा! खाता का?"

हात पुसत आले. गंजात डोकावले. मग म्हणतात, "आमची अम्मी बनवायची. वरून असंच तेल द्यायची. अन् कोणी दारात आलं की झाकून टाकायची."

"तुमच्याकडेही?" मी म्हटलं.

"मग? गल्लीत सगळ्यांच्याच घरी झाकलेलं राहे. सब एक-दूसरे से छुपाके वोच खाते थे!"

आम्ही दोघं असे हसलो की सून पाहतच राहिली. म्हणजे ती शेजारीणही, आत्याबाई! तिच्या घरची चर्रही पाण्याचीच असेल की काय कोणास ठाऊक! तुम्ही तिले ऐकवत होत्या अन् ती तुम्हाले.

मिस्त्री दोन ताटं जेवले अन् गॅरेजातल्या सगळ्यांले हाक मारली. मग मी थांबलीच नाही. प्रत्येक ताटाले वेगळी पळी, प्रत्येक ताटाले चर्र. गाडी उभी राहिली की चर्र. कंडक्टर उतरला, डबा भरून घेतला, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला तरी हा मिरची मागून राहिला. सकाळी हसलेला तो माणूस बायकोसोबत वापस आला, हातात समोशाचा कागद तसाच. बायको म्हणाली, "ह्यांची माय कण्या करत होती, हे बोलून नाही दाखवत." अन् तो मान खाली घालून जेवला, बोटं चाटली, वर मले म्हणतो, "अंबाडी आणखी आंबट पाहिजे होती." म्हटलं, उद्या ये, आणखी आंबट करते.

चार वाजता तुमचे लेक आले, गंज न्यायले. काही न विचारता वाकले, गंजाचे दोन्ही कान धरले, कंबर आवळून जोर लावला, अन् हलका गंज घेऊन मागच्या मागे बाकड्यावर बसले. म्हणतात, "सांडलं का वं?" सांडलं म्हणे! मी अन् सून पोट धरून हसलो. जागेचं त्यांनी काही काढलं नाही. पुतण्याले फोन करायले तेवढे बाहेर गेले.

आता शेवटचं, अन् हे तुमच्या-माझ्यात. तळाले खरवड राहिली होती. तुम्ही रोज आम्हाले वरचं नरम वाढायच्या अन् स्वतः खरवड घेऊन कोपऱ्यात बसायच्या. म्हणायच्या, "तुम्ही खा, मले हेच आवडते." त्या गोष्टीसाठी मी किती रडली आहे! तुम्ही गेल्यावर दर श्राद्धाले तेच सांगून रडली, की माझ्या सासूनं जन्मभर करपलेलं खाल्लं. आज मी पहिल्यांदा चमच्यानं ती खरवड काढली. कुरकुरीत, लसणाचा सगळा खमंगपणा खाली उतरलेला, तेल, मीठ, मिरची सगळं तिच्यात. आत्याबाई, तुम्ही लबाड! गंजातलं सगळ्यात चांगलं तेच होतं! गल्लीत कोणाले 'बिचारी' म्हणू दिलं नाही, अन् घरात आमच्याकडून रोज म्हणवून घेतलं, पोटभर!

हा कागद कुठं धाडणार? बाकड्याचा एक पाय हलते, घडी करून त्याच्याखाली घालते, वाया जाणार नाही. पण एक सांगून टाकते. मी खात होती तेव्हा सून आली. म्हणाली, "आई, करपलेलं कायले खाता? थोडंसं वरचं आहे, हे घ्या." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी गंज पोटाशी ओढला अन् म्हटलं, "तू खा नरम. मले हेच आवडते." ती मले 'बिचारी' म्हणून पाहत राहिली, अन् मी पाहू दिलं.