हिंगाच्या डबीतली पत्ती

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग अजून गेलेला नाही. तुमच्या हयातीत तुमच्यापुढे आवाज चढवायची माझी काय बिशाद होती. आता तुम्ही चष्म्यावरून बघत "मुद्द्याचं बोल" असं म्हणू शकत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. निमित्त परवाच्या फोनचं. आपल्या शाळेच्या बँडमध्ये ज्याला तुम्ही पहिला क्लॅरिनेट दिला होता, त्या मुलाचा फोन होता. मुलगा कसला, आता वारूळवाडीचा टोमॅटोचा मोठा व्यापारी आहे, केस पिकलेत. तुमचे जुने विद्यार्थी मिळून तुमच्या आठवणींची पुस्तिका काढताहेत. स्वतः लिहिलेलं त्यानं मला फोनवर मोठ्या प्रेमानं वाचून दाखवलं. जुन्नरच्या स्पर्धेत ऐनवेळी त्याच्या क्लॅरिनेटची पत्ती तडकली आणि सरांनी क्षणाचाही विचार न करता स्वतःची पत्ती काढून दिली, म्हणून ढाल आपल्या शाळेला मिळाली, असं त्यात आहे. मी इथे घोडेगावच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, हातात अर्धी पोळी घेऊन ते ऐकत होते. पोळी तशीच डब्यात ठेवली. स्वतःची पत्ती म्हणे.

तुम्ही तिला रीड म्हणायचात, आमचे अण्णा पत्ती म्हणायचे. बोरूसारख्या वनस्पतीची, बोटाएवढी तासलेली चपटी काडी. क्लॅरिनेटच्या तोंडाशी ती बांधायची, ओठात धरायची आणि फुंकायचं. ती चांगली तर वाजवणारा चांगला. अण्णा लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवत आले. एक पत्ती चिरेपर्यंत वाजवायची, मग दुसरी शोधायची, एवढीच त्यांची रीत. पत्ती सांभाळायची असते हे मला तुमच्याकडे कळलं. प्रत्येकाच्या तीन पत्त्या, प्रत्येकीच्या पाठीवर सालीच्या बाजूला बॉलपेननं नावाचं पहिलं अक्षर आणि आकडा. आज पहिली वाजवली की उद्या दुसरी, तोवर पहिलीनं विश्रांती घ्यायची. वाजवून झालं की पुसायची, काचेच्या तुकड्यावर सपाट वाळवायची आणि मगच डब्यात. कुठली कशी वाजते, कुठली कुरकुरते, हे तुम्ही न बघता सांगायचात. हे सगळं तुम्ही फार सुंदर शिकवलंत, आणि म्हणूनच मला जास्त चीड येते. वाईट मास्तर असतात तर मी तुम्हाला केव्हाच विसरून गेले असते.

सगळ्यांच्या पत्त्या तुमच्या त्या लाकडी डब्यात, कप्प्याकप्प्यांत, एकमेकींशेजारी झोपायच्या. माझ्या मात्र हिंगाच्या रिकाम्या डबीत. ती डबी तुमच्या घरून, काकूंच्या स्वयंपाकघरातून आली होती. तुम्ही तिला कापडाचा तुकडा लावून आणलीत आणि डब्याशेजारी नाही, खिडकीत ठेवलीत. आणि पत्तीवर अक्षर नाही, फुली. बाकीच्यांना अक्षर आणि मला फुली का, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही हातातल्या पत्तीवरची नजर न काढता म्हणालात, "फुली लगेच ओळखू येते, बाळ." बाळ म्हणालात ते मला अजून टोचतं. आम्ही वाजंत्र्यांच्या घरचे. गावातल्या कुठल्याही लग्नात आमच्या अण्णांच्या सुराशिवाय नवरदेव पारावरून हलायचा नाही, पण त्यांची पंगत शेवटी आणि मांडवाबाहेर. मला ते ठाऊक होतं. शाळेत ते नसेल असं मला का वाटलं होतं, कोण जाणे. बरं, प्रत्येकाची पत्ती प्रत्येकाच्याच तोंडात जाणार होती. माझी कुणी वाजवणार नव्हतं, त्यांची मी वाजवणार नव्हते. मग नुसती शेजारच्या कप्प्यात ठेवली तर पत्तीला पत्ती लागून बाटते का? तुम्ही विज्ञानही शिकवायचात, सर. याचं उत्तर तुमच्यापाशी काय होतं?

तीन वर्षं मी सगळे सूर हिंगाच्या चवीनं वाजवले. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, शाळेची प्रार्थना, सगळं हिंगाचं. पोरं "फोडणी आली" म्हणून चिडवायची. आजही आमटीत मी हिंग घालत नाही, नवऱ्याला वाटतं मला तो पचत नाही.

मग ती स्पर्धा. जुन्नरच्या त्या शाळेच्या व्हरांड्यात आपण रांगेत उभे आहोत, आपल्या आधीचा बँड वाजतो आहे. त्या मुलानं घाईत वाद्याच्या तोंडावर टोपण बसवलं आणि पत्तीचं टोक तडकलं. त्याची दुसरी नवी, अजून न मुरलेली, चिरकत होती. तिसरी तो सरावाला घरी नेऊन तिथेच विसरला होता. तुम्ही इकडेतिकडे बघितलंत. मग सरळ माझ्याकडे आलात, हात पुढे केलात आणि मी क्लॅरिनेट दिला. माझी दुसऱ्या नंबरची पत्ती होती ती, आदल्या दिवशी तुम्हीच माझ्याकडून वाजवून घेऊन मान डोलावली होती. तुम्ही ती सोडवलीत, खिशातलं पेन्सिलीचं ब्लेड काढलंत आणि भिंतीकडे तोंड करून तिच्या पाठीवरची फुली खरवडलीत. शाळेच्या भिंतीकडे, सर. मी हातभर अंतरावर होते. सालीची भुकटी तुमच्या पांढऱ्या शर्टावर पडली ती मी पाहिली. मग तुम्ही पत्ती त्याच्या क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधलीत.

"सर, हिंगाचा वास येतोय," तो म्हणाला.

"माझी आहे. वाजव," तुम्ही म्हणालात.

आणि माझी डबी शाळेच्या खिडकीतच राहिलेली, म्हणून माझ्या क्लॅरिनेटला तुम्ही त्याची तडकलेली पत्ती लावलीत आणि मला म्हणालात, नुसती बोटं चालव, फुंकू नकोस. म्हणजे त्याची उष्टी मला चालली आणि माझी उष्टी त्याला चालली, फक्त कुणाला कळायला नको. मला वाटायचं तुम्ही विटाळ मानता. मनापासून मानत असतात तर त्या दिवशी ढाल हातची जाऊ दिली असतीत. तुम्ही मानतही नव्हतात. लोक काय म्हणतील एवढ्यासाठी तुम्ही मला तीन वर्षं खिडकीत ठेवलंत. मला तेच जास्त लागलं. स्टेजवर मी गप्प वाद्य तोंडाला लावून उभी होते आणि शेजारी माझी पत्ती वाजत होती. काय वाजत होती.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते वाद्य पुसत होते. म्हणाले, "सूर खरा लागला व्हता न्हवं? मंग झालं की, पोरी." त्यांच्याशीही मी दोन दिवस बोलले नाही. सगळ्यांनी मिळून माझ्यावर अन्याय करायचा आणि मी सुराचं कौतुक करायचं, हे कुठलं गणित.

सोमवारी तुम्ही मला तालमीनंतर थांबवलंत आणि न फोडलेला पत्त्यांचा अख्खा खोका हातात दिलात. परदेशी, महागाचा, तुमच्या स्वतःच्या वापरातला. म्हणालात, "यांच्यावर काय लिहायचं ते तुझं तू लिही." आणि फळा पुसायला वळलात. मी घरी जाऊन दहाच्या दहा पत्त्यांवर बारीक अक्षरात माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. ती माफी होती की गप्प बसायची बिदागी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. कारण दुसऱ्या दिवशी त्या पत्त्या तुम्ही पुन्हा हिंगाच्या डबीतच ठेवल्यात.

आता मीच संगीत शिकवते. डोंगराकडच्या गावांतून एसटीनं येणारी मुलं आहेत, गावातली आहेत, दुकानदारांची आहेत. सगळ्यांच्या पत्त्यांवर अक्षर आणि आकडा, सगळ्या एका डब्यात, शेजारी शेजारी. काच तुमच्यासारखीच, पुसायची पद्धत तुमचीच, आणि पत्ती उन्हाकडे धरून टोक तपासताना माझी मान तुमच्यासारखीच तिरकी होते असं एका पोरीनं मला तुमचा पत्ती तपासतानाचा फोटो बघून सांगितलं. तेव्हा मी तिच्यावर उगाच खेकसले.

परवा फोनवर त्याचं वाचून झालं तेव्हा मी म्हटलं, ती पत्ती सरांची नव्हती, माझी होती. तो म्हणाला, "म्याडम, ठावं हाय मला. तवाच कळलं व्हतं, आमाला समद्यांनाच." मग इतकी वर्षं हे सरांच्या नावावर का सांगतोस, असं मी विचारलं. तर म्हणाला, "सरांनी माझी हाय म्हणून सांगितलं व्हतं ना. त्यांना खोटं कोण पाडणार?" मी फोन ठेवणार होते, तेवढ्यात तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमी चार वळी लिवा. काय बी लिवा. मी हाय तसं छापतो, आन माझ्यातलं ते काढून टाकतो."

म्हणजे आता सगळं माझ्यावर. काकू अजून आहेत, त्या पुस्तिका वाचतील. तुमची नातवंडं वाचतील. दोन दिवस मी त्या चार ओळींपाशी अडले होते, आणि त्या सोडून हे एवढं लांबलचक लिहीत बसले. डबीचं, फुलीचं, ब्लेडचं सगळं इथे ओकून टाकलं. हे कुणाला दाखवणार नाही, तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. कपाटात ठेवून देईन.

चार ओळी मात्र आज सकाळी त्याला पाठवल्या. त्यात लिहिलं आहे, की जुन्नरला वाजली ती पत्ती माझी होती आणि ती सांभाळायला मला सरांनी शिकवलं होतं. वाक्याचा शेवटचा अर्धा भाग मी चार वेळा खोडला, सर. खरा आहे म्हणून दर वेळी परत लिहावा लागला.