उत्तरेकडचा बाण

आप्पा, लातूरच्या आपल्या घराची गच्ची तुम्ही स्वतः बांधत होतात, तेव्हा मी आठ वर्षांची होते. उतार मी शाळेत नाही, तुमच्याकडून शिकले. कोब्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते कुठं जातं ते गप्प बसून बघायचं. एका कोपऱ्यात थापी मी फिरवली होती, नेमकं तिथंच पाणी थांबलं. "पूस. फ्रॉकनं पूस," तुम्ही म्हणालात. मी पुसते आहे, बिगारी बाया हसतायत, आणि तुमचे जोडीदार मिस्त्रीकाका तेवढे तोंड फिरवून उभे आहेत.

आता मी नांदेडला इमारतींचे नकाशे काढते. घरं थंड राहावीत म्हणून गच्चीवर पांढऱ्या फरशा, पावसाचं पाणी खड्ड्यात गाळून बोअरमध्ये. लोक कौतुक करतात. प्रत्येक माप मी तीनदा तपासते. गेल्या वर्षी एका इमारतीसाठी काकांना औशाहून मीच बोलावलं. मध्येच मी नकाशात गाळणखड्डा उत्तरेकडून दक्षिणेला हलवला. नवा नकाशा बघून त्यांचा फोन आला, "बाई, उताराचा बाण उलटा तर न्हाई ना?" मी म्हटलं, नकाशात आहे तसं करा.

फरशा बसल्यावर मी तांब्या ओतला. पाणी खड्ड्याकडे न जाता उत्तरेच्या कठड्याशी साचलं. सगळे मजूर बघत होते. त्या दिवशी मी मिस्त्रीकाकांना काका म्हटलं नाही.

"मिस्त्री, पुसा. खांद्यावरच्या टॉवेलनं पुसा."

सत्तरीचा माणूस गुडघ्यांवर बसला. पुसलं, पिळलं, परत पुसलं. बघताना मला बरं वाटलं, आप्पा. उठताना ते एवढंच म्हणाले, "बापावर गेलीस, बाई." मग थापी, ओळंबा पिशवीत घालून औशाच्या बसनं निघून गेले.

घरी येऊन नकाशा उघडला. खड्डा मी हलवला होता, बाण उत्तरेलाच राहिला होता. तो फिरवला, नवी प्रत काढली, जुनी फाडली. मालकाला सांगितलं, मिस्त्री म्हातारा झालाय, नकाशा कळला नाही. दुसऱ्या माणसानं फरशा उखडून उतार फिरवला. पहिल्या पावसात पाणी बरोबर खड्ड्यात गेलं, मालकानं फोटो पाठवला. काकांना मात्र त्यानंतर नांदेडात कुणी कामाला बोलावलं नाही.

हे पत्र खरं तर औशाला जायला हवं. तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.